नऊ इंच : जॅकचा इतिहास आणि गाडीखालचा माणूस

१७ ऑगस्ट १८४९. वेल्सच्या मुख्य भूमीपासून अँगलसी बेट वेगळे करणारी मेनाई नावाची सामुद्रधुनी. पाण्यातून उभ्या राहिलेल्या दोन प्रचंड दगडी मनोऱ्यांच्या मधोमध एक लोखंडी नळी अधांतरी लटकते आहे. नळी म्हटले की डोळ्यांपुढे जे येते त्याच्याशी हिचा काही संबंध नाही. ही चौकोनी आहे, सुमारे ४६० फूट लांब आहे, दीड हजार टनांहून अधिक वजनाची आहे आणि उद्या हिच्या पोटातून आगगाडी धावणार आहे. मनोऱ्यांच्या माथ्यावर बसवलेले जलदाबाचे प्रेस साखळ्यांच्या साहाय्याने तिला सहा-सहा फुटांच्या टप्प्यांनी वर खेचत आहेत.

त्या दिवशी एका प्रेसच्या ओतीव सिलिंडरचा तळ फुटला. टनावारी लोखंड सुटून खाली कोसळले, त्याच्या तडाख्यात एक कामगार ठार झाला आणि नळीचे ते टोक निराधार झाले.

नळी पडली. मात्र ती जेमतेम नऊ इंच पडली.

या नऊ इंचांना फार मोठा अर्थ आहे. जॅक नावाच्या यंत्राचा इतिहास सांगायचा तर तो शोधांच्या सनावळीपासून सुरू करण्यापेक्षा या नऊ इंचांपासून सुरू करणे अधिक योग्य ठरेल.

ब्रिटानिया पूल या नावाने प्रसिद्ध झालेल्या या कामाचा मुख्य अभियंता होता रॉबर्ट स्टीफन्सन. नळीचे टोक ज्या खोबणीतून वर सरकत होते ती खोबण खालून सतत भरत न्यायची, असा त्याचा सक्त आदेश होता. टोक जरा वर गेले की खाली लाकडी फळ्या सरकवायच्या. पुरेशी उंची मिळाली की फळ्यांच्या जागी पक्के बांधकाम करायचे. काम रेंगाळले तरी चालेल, पण नळीखाली पोकळी राहता कामा नये. प्रेस फुटला तेव्हा नळी आणि खालचा टेकू यांच्यामध्ये नऊ इंचांचेच अंतर होते, म्हणून ती नऊ इंचच पडली. एवढ्याशा आपटण्यानेही खालच्या ओतीव लोखंडी तुकड्यांचा चुरा झाला. तिथे टेकू नसता आणि मनोऱ्याच्या पायथ्यापर्यंत खोबण मोकळी असती, तर पूल, मनोरा आणि कदाचित स्टीफन्सनची कारकीर्दही त्या दिवशी पाण्यात गेली असती.

त्याच्या या दक्षतेमागे एक जखम असावी, असे मानण्यास जागा आहे. दोनच वर्षांपूर्वी, २४ मे १८४७ रोजी, चेस्टरजवळ डी नदीवरचा त्याचा ओतीव लोखंडी रेल्वेपूल गाडीखाली मोडला होता आणि पाच माणसे दगावली होती. धातू न सांगता तुटतो हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि चौकशी समितीपुढे उभे राहून ऐकणे वेगळे.

आता थोडे मागे जाऊ. फुटलेला तो प्रेस आला कुठून?

विचार फ्रान्समधला आणि यंत्र इंग्लंडमधले. ब्लेझ पास्कालचा द्रवांच्या समतोलावरचा प्रबंध त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा त्यातला मूळ सिद्धांत. पास्कालने त्यातूनच पुढचे अनुमान काढले. पाण्याने भरलेल्या भांड्याला दोन तोंडे असली आणि एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठे असले, तर लहान तोंडावरचा एक माणूस मोठ्या तोंडावरच्या शंभर माणसांना पुरून उरेल. फुकट मात्र काही मिळत नाही. मोठा दट्ट्या एक इंच उचलायचा तर लहान दट्ट्या शंभर इंच दाबावा लागतो. गाडीखाली बाटलीजॅक लावून त्याचा दांडा पंचवीस-तीस वेळा हापसणारा माणूस हीच किंमत हप्त्याहप्त्याने चुकवत असतो.

सिद्धांत कागदावर सव्वाशे वर्षे पडून राहिला. अडचण साधी होती : गळती. दाब वाढला की दट्ट्याच्या कडेने पाणी निसटे. लंडनमधील कुलपे बनवणारा कारागीर जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये जलदाबाच्या प्रेसचे पेटंट घेतले. पण ते यंत्र खऱ्या अर्थाने चालते झाले ते चामड्याच्या एका वाटीसारख्या कड्यामुळे. दाब वाढेल तसे हे कडे दट्ट्याला अधिकच घट्ट बिलगते. त्याचे श्रेय सामान्यतः ब्रामाच्या कारखान्यातील हेन्री मॉडस्ले या तरुणाला दिले जाते. त्याला आठवड्याला तीस शिलिंग मिळत. वाढ मागितली, ती नाकारली गेली आणि १७९७ मध्ये त्याने स्वतःचा कारखाना काढला. पुढे यंत्रे बनवणाऱ्या यंत्रांच्या इतिहासात या माणसाला ब्रामापेक्षाही मोठे स्थान मिळाले. तीस शिलिंगांवर अडून बसलेल्या मालकांची एक वेगळीच मालिका लिहिता येईल.

ब्रामाचे कुलूपही तितकेच गाजलेले. पिकॅडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत ते टांगलेले असे आणि ते उघडून दाखवणाऱ्यास दोनशे गिनींचे बक्षीस जाहीर होते. साठ वर्षे कुणालाही ते साधले नाही. १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी लंडनला आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकनाने सोळा दिवसांत मिळून ५१ तास खटपट करून ते उघडले. गंमत अशी, की त्याच प्रदर्शनात ब्रिटानिया पुलाचा जलदाबाचा प्रेसही लोकांना पाहण्यासाठी मांडलेला होता. एकाच उन्हाळ्यात ब्रामाच्या एका शोधाचा पराभव आणि दुसऱ्याचा सत्कार असा हा सोहळा झाला.

जलदाबाला एक थोरला भाऊ आहे : स्क्रू, म्हणजे आट्यांचा खांब. अलेक्झांड्रियाच्या हीरोने पाच मूलभूत यंत्रांत त्याची गणना केली. तेराव्या शतकातील व्हिलार द ओनकूर या फ्रेंच माणसाच्या चित्रवहीत वजन उचलणाऱ्या स्क्रूचे रेखाटन सापडते; लिओनार्दो दा व्हिंचीच्या माद्रिदमध्ये जपलेल्या वहीतही स्क्रूजॅक आहे, घर्षण कमी करणाऱ्या गोळ्यांसकट. स्क्रू म्हणजे दुसरे काही नव्हे, खांबाभोवती गुंडाळलेला चढाचा रस्ता. आटे जितके बारीक तितका चढ सौम्य, आणि सौम्य चढावर घर्षण इतके प्रभावी ठरते की वरचे ओझे आपल्या बळावर खाली घसरत येऊ शकत नाही. हात काढून घेतला तरी स्क्रू जिथल्या तिथे थांबतो. जलदाबाला हा गुण उपजत नाही. तिथे ओझे अडवून धरायला झडपेतली एक लहानशी गोळी आणि एक कडे, एवढेच असते. गोळीखाली कचऱ्याचा कण अडकला तर जॅक न कळत खाली येतो. कडे फाटले तर कळायच्या आत येतो.

या थोरल्या भावाचा सर्वांत थक्क करणारा पराक्रम पाहायचा तर शिकागोला जावे लागेल.

मिशिगन सरोवराच्या काठी दलदलीत वसलेले हे शहर पाण्याच्या पातळीपेक्षा फारसे उंच नव्हते. सांडपाणी वाहून जाण्याइतका उतारच नव्हता. पटकीच्या साथी माणसे नेत होत्या. १८५५ च्या सुमारास अभियंता एलिस चेसब्रो याने गटारांची योजना आखली. गटारे जमिनीखाली खोलवर नेता येत नव्हती, म्हणून ती जमिनीवर घालायची, वर भराव टाकून रस्ते उंच करायचे आणि मग खाली राहिलेल्या इमारतीही वर उचलायच्या, असा तो अजब बेत होता. जानेवारी १८५८ मध्ये पहिली विटांची चार मजली इमारत दोनशे स्क्रूजॅकवर सहा फूट दोन इंच उचलली गेली. १८६० मध्ये लेक स्ट्रीटवरची अख्खी ३२० फूट लांबीची इमारतींची रांग सहा हजार जॅक आणि सहाशे माणसे लावून पाच दिवसांत चार फूट आठ इंच वर नेली, तीही आतली दुकाने चालू ठेवून. पुढच्या वर्षी ट्रेमाँट हाउस हे नामांकित हॉटेल पाहुण्यांसकट सहा फूट चढले. या उद्योगातील एक ठेकेदार जॉर्ज पुलमन. आगगाडीच्या शयनयानांमुळे पुढे जगाला माहीत झाला तोच.

हे साधले कसे? प्रत्येक माणसाच्या वाट्याला साधारण दहा जॅक. इशारा झाला की प्रत्येकाने आपला प्रत्येक जॅक ठरलेल्या अंशानेच फिरवायचा, त्याहून एक रेसभर जास्त नाही. वर गेलेल्या भागाखाली लाकडी ओंडके रचत जायचे. एक कोपरा जरी पुढे धावला तरी भिंतीला तडा. सहाशे माणसांनी घाई न करणे हेच त्या कामातले खरे कौशल्य होते.

त्याच महिन्यात, म्हणजे जानेवारी १८५८ मध्ये, अटलांटिकच्या दुसऱ्या काठावर धाकटा भाऊ आपली कसोटी देत होता. इझांबार्ड ब्रुनेलचे ‘ग्रेट ईस्टर्न’ हे ६९२ फूट लांबीचे जहाज टेम्सच्या काठी, मिलवॉल येथे, आडवे उतरवायचे होते. ३ नोव्हेंबर १८५७ च्या पहिल्या प्रयत्नात साखळ्यांचे रहाट उलटे फिरले, जीवितहानी झाली आणि जहाज काही फूट सरकून अडून बसले. मग सुरू झाला इंचाइंचाचा लढा. बर्मिंगहॅमच्या टँगी बंधूंच्या लहानशा कारखान्यातले जलदाबाचे जॅक आणले गेले, आणि ३१ जानेवारी १८५८ रोजी जहाज पाण्यात तरंगले. हे जहाज उतरवले म्हणूनच आपण वर आलो, अशा आशयाचे उद्गार त्या बंधूंनी पुढे काढले. १८७८ मध्ये लंडनच्या नदीकाठी क्लिओपात्राची सुई म्हणून ओळखला जाणारा इजिप्शियन स्तंभ उभा करतानाही त्यांचेच जॅक होते आणि खाली रचले जाणारे लाकूडही होते.

मराठी वाचकासाठी इथे एक धागा जुळतो. ‘ग्रेट ईस्टर्न’ प्रवासी जहाज म्हणून तोट्यात गेले, पण समुद्राखालच्या तारा टाकण्यात त्याचे आयुष्य कारणी लागले. १८७० च्या प्रारंभी मुंबई ते एडन ही तार याच जहाजाने टाकली आणि मुंबई समुद्रमार्गे लंडनशी जोडली गेली. टेम्सच्या चिखलात जॅकने ढकललेले ते धूड बारा वर्षांनी मुंबईच्या बंदरात उभे होते. आणि ब्रामाचा सिद्धांत तर खानदेश-वऱ्हाडच्या घराघरांत ठाऊक होता, केवळ नाव ठाऊक नव्हते. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात रुईची गाठ आवळणारा प्रेस म्हणजे उलट कामाला लावलेला जॅकच.

हातात धरून नेता येईल असा जलदाबाचा जॅक १८५१ मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजन या स्कॉटिश वंशाच्या यंत्रकाराने पेटंट केला. पूल आणि जहाजांपुरते असलेले बळ आता एका माणसाच्या खांद्यावर मावू लागले. ‘जॅक’ हे नाव मात्र त्याहून फार जुने. इंग्रजीत जॅक हे सर्वसामान्य पोराचे नाव. पडेल ते काम करणारा गडी म्हणजे जॅक. मग गड्याचे काम करणारी वस्तूही जॅक झाली, जसे बूट ओढून काढणारी लाकडी खाच किंवा शेगडीवरचे मांस फिरवणारे चक्र. जुन्या मुंबईत घरकाम करणारा कोकणातला माणूस, त्याचे नाव काही का असेना, ‘रामा’ ठरत असे; त्यातलाच हा प्रकार. ज्याला आज्ञा द्यायची, त्याचे नाव विचारण्याची गरज मालकाला कुठेच वाटलेली दिसत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा गडी मोटारीच्या डिकीत जाऊन बसला. त्याचे कारण पंक्चर. तेव्हाचे रस्ते घोड्यांचे होते आणि घोड्यांच्या नालांचे खिळे त्यांवर विखुरलेले असत. चाक सुटे करण्याची सोय नव्हती. रस्त्याच्या कडेला गाडी उचलून, टायर पहारीने काढून, ट्यूब जोडून, पुन्हा हवा भरावी लागे. १९०४ मध्ये वेल्समधील लानेथ्ली गावच्या डेव्हिस बंधूंनी यावर तोड काढली. हवा भरलेला टायर चढवलेली, आरे नसलेली जादा धाव सोबत बाळगायची आणि बसलेल्या चाकाला तिचे चाप अडकवून पुढे निघायचे. त्यांचे दुकान ज्या रस्त्यावर होते त्याचे नाव स्टेपनी स्ट्रीट. विलायतेत हे नाव विस्मरणात गेले. पुणे, कोल्हापूर, नांदेडात मात्र जादा चाकाला आजही ‘स्टेपनी’ म्हणतात आणि ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये त्याच शब्दाचे ‘एस्तेपे’ झाले आहे.

पुढे सुटी होणारी चाके आली आणि चाक बदलणे हे कुणालाही जमणारे काम ठरले. इथेच खरा धोका सुरू झाला. शिकागोतल्या सहाशे माणसांवर मुकादम होते. ब्रिटानिया पुलावर स्टीफन्सन होता. घरासमोर गाडी उचलणाऱ्या माणसावर कुणीच नव्हते.

कारखान्यांनीही सोयीलाच प्राधान्य दिले. अमेरिकेत दीर्घकाळ बंपरला अडकवून उचलणारा उंच जॅक दिला जाई. बंपर उचलला की आधी स्प्रिंग सैल होतात, गाडीचे शरीर वर जाते आणि चाक सर्वांत शेवटी जमीन सोडते. म्हणजे चाक चार बोटे उचलायला गाडी हातभर उचलावी लागे, तीही एका काठीवर. बंपर प्लॅस्टिकचे झाले तेव्हा हा प्रकार मागे पडला. जड चौकटीऐवजी पत्र्याच्या एकसंध सांगाड्याच्या गाड्या आल्या. दारांखालच्या कडेला विशिष्ट जागी मजबुती देऊन तिथेच जॅक लावण्याची व्यवस्था झाली आणि डिकीत कात्रीसारखा घडीचा स्क्रूजॅक येऊन बसला. गॅरेजांचा प्रश्न मेंफिस शहरातील पीटर लुनाटी याने वेगळ्या रीतीने सोडवला. न्हाव्याच्या दुकानातली वरखाली होणारी खुर्ची पाहून त्याला कल्पना सुचली, असे सांगतात. १९२५ मध्ये त्याने अख्खी मोटार उचलणारा जलदाबाचा खांब उभा केला, आणि मेकॅनिक पाठीवर झोपण्याऐवजी उभा राहून काम करू लागला. घरी काम करणारा हौशी माणूस मात्र अजून पाठीवरच आहे.

म्हणून त्याच्यापुरते १८४९ अजून संपलेले नाही. हा इतिहास ध्यानात ठेवून गाडी उचलण्याच्या रीतीकडे पाहिले, की तिच्यातला प्रत्येक नियम कुठून आला ते कळते.

पहिली गोष्ट जमीन. डिकीतल्या जॅकची बैठक तळहाताएवढी असते आणि गाडीच्या एका कोपऱ्याचे दोन-तीनशे किलो तिच्यावर येतात. मे महिन्यात तापून मऊ झालेले डांबर, पावसाने भिजलेली तांबडी माती, खाली वाळू सरकलेले पेव्हर ब्लॉक, यांतले काहीही चालत नाही. सपाट, टणक कोबा हवा. दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली, की ती जागची हलणार नाही असे बहुतेकांना वाटते. पण बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना धरतो, आणि आजच्या बहुतेक लहान गाड्यांत इंजिनाची शक्ती पुढच्या दोन चाकांना जाते. मागची बाजू उचलली की हँडब्रेक हवेत. पुढचे एकच चाक उचलले की डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळे फिरू शकते आणि जमिनीवर राहिलेल्या त्याच्या जोडीदारालाही गिअर धरून ठेवू शकत नाही. उतारावर असेल तर गाडी निघते, आणि जॅक उभाच्या उभा आडवा होतो. स्क्रू खाली येत नाही हे खरे, पण तो कलंडण्याविरुद्ध आट्यांची काही मदत नसते.

म्हणून उटी. बैलगाडीच्या काळापासून चाकामागे लावायचा दगड किंवा लाकडी पाचर. घाटात बंद पडलेल्या ट्रकमागे तो आजही दिसतो (आणि ट्रक गेल्यावर भर रस्त्यात तसाच पडलेलाही दिसतो, हे दुर्दैव). जे चाक उचलायचे त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून आणि मागून, दोन्हीकडून उटी लावली की हँडब्रेक आणि गिअर यांच्या उणिवा भरून निघतात. गाडीत कुणी बसलेले नसावे. चाकाचे नट उचलण्यापूर्वीच अर्धा फेरा सैल करून घ्यावेत, कारण अडकलेल्या नटाशी केलेली झटापट अधांतरी गाडीला नेमका तोच आडवा धक्का देते जो जॅकला सोसत नाही.

जॅक लावायचा तो दारांखालच्या कडेला ठरवून दिलेल्या खाचेतच. ती जागा गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेली असते. दुसरीकडे लावला तर पत्रा चेपतो आणि चेपता चेपता जॅक घसरतो. चाकांचा ट्रॉली जॅक असेल तर आणखी एक बारकावा. त्याचा हात वर्तुळाच्या कमानीत वर जातो. त्यामुळे उचलताना जॅकला स्वतःला थोडे पुढे सरकावे लागते. त्याची चाके फटीत अडकली तर जॅकऐवजी गाडी सरकते.

चाक बदलण्यापुरते इथवर भागते. अंगाचा कोणताही भाग गाडीखाली जाणार असेल, तर मात्र जॅकचे काम उचलण्याबरोबर संपले पाहिजे. गाडीच्या मजबूत भागाखाली लोखंडी स्टँड ठेवायचे, जॅक हळूहळू उतरवत सगळे वजन स्टँडवर येऊ द्यायचे आणि आत जाण्यापूर्वी बाजूने गाडीला नीट हलवून पाहायचे. हलायची असेल तर ती बाहेर उभे असताना हललेली बरी. स्टँडऐवजी सिमेंटचे पोकळ ब्लॉक किंवा विटा रचण्याची सवय आपल्याकडे फार आहे. हे पदार्थ ओतीव लोखंडाच्याच स्वभावाचे : शेवटच्या क्षणापर्यंत काही दाखवत नाहीत आणि मग एकदम फुटतात. चांगले जाड लाकूड निदान कुरकुरते, वाकते, सूचना देते. स्टीफन्सनच्या माणसांनी नळीखाली आधी फळ्या सरकवल्या, आणि शिकागोत ओंडके रचले गेले, त्यामागे हा अनुभव होता.

आणि काढलेले चाक? जुने मेकॅनिक ते भिंतीला टेकवून ठेवत नाहीत. ते आडवे करून दाराच्या कडेखाली सरकवतात. सगळे चुकले, जॅक गेला, स्टँडही गेला, तरी गाडी त्या चाकावर थांबते आणि खाली माणसाच्या छातीएवढी जागा उरण्याची शक्यता राहते. त्या मेकॅनिकांनी मेनाईचे नाव ऐकलेले नसेल. त्यांची ही नऊ इंचांची सोय स्वतंत्रपणे शोधलेली आहे.

एकामागे एक असे दोन-दोन टेकू कशासाठी, अशी शंका येईल. २०२० साली अमेरिकेत एका मोठ्या अवजारविक्रेत्याला लाखो स्टँड परत मागवावे लागले. साच्यांची झीज झाल्यामुळे स्टँडचे दाते खटक्यात पुरेसे बसत नव्हते आणि ओझे असताना खांब खाली सरकण्याचा धोका होता. ग्राहकांनी ते परत केले, बदली स्टँड नेले. आणि काही आठवड्यांतच त्या बदली स्टँडमधल्या काहींच्या वेल्डिंगमध्ये दोष निघाल्याने तेही परत मागवण्याची वेळ आली. ऑस्ट्रेलियात तर जॅक, ट्रॉली जॅक आणि स्टँड यांच्यासाठी सरकारी सुरक्षा मानके सक्तीची आहेत, कारण सुटीच्या दिवशी घरासमोर गाडीखाली शिरलेली माणसे तिथे वारंवार दगावली. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, ही सूचना तिथे यंत्रावरच कोरलेली किंवा चिकटवलेली असावी लागते.

ब्रिटानिया पूल मार्च १८५० मध्ये खुला झाला आणि एकशे वीस वर्षे त्या नळीतून गाड्या धावल्या. २३ मे १९७० च्या रात्री वटवाघळे शोधायला काही मुले आत शिरली. त्यांच्या हातातल्या पलित्याने डांबर आणि लाकडाच्या छपराने पेट घेतला. लोखंड तापून वाकले, नळ्या मनोऱ्यांवरून सरकू लागल्या आणि सगळाच डोलारा पाण्यात जाण्याची भीती निर्माण झाली. तेव्हा नळ्यांना खालून आधार देण्यासाठी अभियंत्यांना जागा सापडली ती मनोऱ्यांमधल्या जुन्या खोबणींत, ज्यांतून १८४९ मध्ये त्या वर चढवल्या होत्या. जुलै संपेपर्यंत त्या खोबणी बेली पुलाच्या पोलादी सांगाड्यांनी तळापासून भरून काढण्यात आल्या. पुढे खाली पोलादी कमानी उभारल्या गेल्या आणि नळ्या उतरवल्या. त्यांतला एक तुकडा पुलाजवळ आजही जपून ठेवला आहे, जमिनीवर टेकलेला.